नंदाचा वाफा

घट उठले की मला लसूण लावायची घाई सुटते. दसऱ्याचं सोनं वाटून होतं न होतं तोच मी सुपात गड्डे घेऊन मागच्या पायरीवर बसते. नाशिकमधलं आमचं घर एका ओळीत बांधलेल्या बारा घरांतलं सातवं. मागे कपडे वाळत घालायची जागा आणि तिला लागून दोन खाटा मावतील एवढी माती. एवढ्याशा मातीला मी परसबाग म्हणते आणि आमचे हे तिला ‘तुझी इस्टेट’ म्हणतात. “कोपऱ्यावर भाजीवाला बसतो, माहीत आहे ना?” हा प्रश्नही ते दरवर्षी एकदा विचारतात. माहीत आहे, असं मी दरवर्षी एकदा सांगते. मग ते पेपरात डोकं घालतात आणि मी लसणात.

हे दिवस मोठे लबाड असतात. पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते आणि अकरा वाजता मागची पायरी तळपायाला चटका देते. पावसानं घट्ट बसलेली माती वरून वाळते, आतून ओली राहते. कुदळ मारली की मोठाली ढेकळं निघतात, ती हातानं कुस्करावी लागतात. गल्लीत दिवाळीची साफसफाई निघालेली असते, कुणाच्या तरी गच्चीवर गाद्या बडवल्या जात असतात. माझ्या बोटांना लसणाचा वास लागलेला असतो आणि तो दोन दिवस जात नाही. साबणानं नाही, लिंबानं नाही. कचेरीत होते तेव्हा या दिवसांत मी फाईल पुढे केली की शेजारच्या टेबलावरच्या बाई नाक मुरडायच्या.

काम तसं सोपं, पण त्यात बारकावे फार. गड्डा फोडायचा, पाकळ्या मोकळ्या करायच्या, पण पाकळीवरचं साल निघू द्यायचं नाही. सोललेली पाकळी मातीत सडते. बाहेरच्या जाड, टणक पाकळ्या लावायला, आतल्या बारक्या फोडणीला. लावताना शेंडा वर, बूड खाली, आणि दोन पाकळ्यांत चार बोटं. हे मला माझ्या आईनं शिकवलं. तिच्याकडून माझ्यापेक्षा चांगलं कुणी शिकलं असेल तर माझी धाकटी बहीण नंदा. तिची एकही पाकळी वाया जायची नाही. माझ्या दहातल्या दोन तरी रुसून बसायच्या.

या वर्षी मी तिसरा गड्डा फोडत होते तेव्हा रवीचा फोन आला. रवी आम्हा तिघा भावंडांत सगळ्यांत धाकटा, एकुलता भाऊ. चांदवडजवळच्या आमच्या गावी असतो, शेती सगळी तोच बघतो. पाऊसपाण्याचं झालं, थोरल्या पोरीचं लग्न माघात धरलंय हे झालं, आणि मग म्हणाला, “आक्का, एक सही राहिलीय. तुझी आन नंदीची. घराच्या जागेची. जुनं घर पाडून नवं बांधायचंय, तर परवानगीला उतारा एकाच्याच नावावर लागतो म्हणे. कागद पाठवलाय बघ मोबाईलवर.”

सही हा शब्द ऐकला आणि हातातली पाकळी सोलली गेली. आठ वर्षांपूर्वीही हेच दिवस होते, हेच काम होतं आणि हाच शब्द होता. त्या वर्षीच्या आश्विनात मी माझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड गोड बोलून बंद केलं. त्याला दुसरं बरं नाव मी खूप शोधलं, मला सापडलेलं नाही.

आमच्या गावात कांद्याला काय तोटा! पण शेतातला कांदा बाजाराचा. तो ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला नाही तर पिंपळगावला जायचा. आईचा घरच्या खाण्याचा कांदा आणि लसूण वेगळा, घरामागच्या परसात, हौदाच्या सांडपाण्यावर वाढलेला. एकच वाफा. मधे कांद्याची रोपं, कडेच्या वरंब्यावर लसूण, आणि एका कोपऱ्यात मोड आलेले जुने कांदे खोचून ठेवलेले, चंपाषष्ठीच्या नैवेद्याला पात मिळावी म्हणून. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि घरच्या वाफ्यातली पात, याशिवाय तिचा खंडोबा जेवत नसे. दारात कांद्याचे ढीग लागलेले असताना ही बाई त्या वाफ्यावर जीव टाकायची. “वावरातला कांदा तुमच्या बापाचा,” म्हणायची, “ह्यो माझा.” आम्ही हसायचो.

वडील आधीच गेले होते. आई गेली त्या वर्षीच्या श्रावणात. दसऱ्याला मी रजा टाकून गावी गेले तेव्हा वाफ्यात नुसतं गवत माजलं होतं. नंदाही आली होती. नंदाचा नवरा तिला टाकून दुसरीकडे संसार थाटून बसला होता. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला हाकललं नाही, पण ताटावर बसली की कुणीतरी भांडं आपटायचं, असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. ते सांगतानाही ती हसत होती, तिची सवयच ती. मी तिला म्हटलं होतं, दुर्लक्ष कर. असले सल्ले द्यायला मला कधीच वेळ लागला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परसात उतरलो. गवत उपटलं, माती भुसभुशीत केली, राख टाकली. आईचेच वर्षभर टांगलेले गड्डे होते, ते फोडले. मी पाकळ्या निवडत होते, नंदा लावत होती. उन्हानं तिच्या मानेवर घामाची रेघ उतरली होती. वासानं आमचे दोघींचे डोळे चुरचुरत होते, निदान आम्ही एकमेकींना तसं सांगत होतो. आई जाऊन दोन महिने झाले होते आणि तिच्या वाफ्यात आम्ही तिच्याशिवाय पहिल्यांदा बसलो होतो. बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या तासाभराइतकं बरं मला त्यानंतर कधीच वाटलेलं नाही.

रवी आला आणि हौदाच्या कठड्यावर बसला. हातात गाडीची किल्ली फिरवत होता. म्हणाला, “आक्का, वावराला तिघांची नावं लागलीत. पुढं लय भानगडी व्हत्यात. भाऊबीज झाली की हक्कसोड करून टाकू.”

हक्कसोड म्हणजे बहिणींनी बापाच्या जमिनीतला आपला वाटा सही करून भावाला सोडून द्यायचा. आमच्या भागात हे इतकं गृहीत धरलेलं की भाऊ विचारत नाहीत, फक्त तारीख कळवतात. बहिणी ठेवणीतली साडी नेसून येतात, सही करतात, पेढा खातात. जी सही करत नाही तिचं माहेर तुटलं असं गाव म्हणतं, आणि मग सगळे मिळून ते तोडूनही दाखवतात. मी रवीला लगेच म्हटलं, “कर की तयारी.” माझ्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं.

नंदानं मान वर केली नाही. हातातली पाकळी तिनं नीट खोचली, वरून माती ओढली आणि म्हणाली, “मी बी करते. वावर नको मला. पण गोठ्याकडची ती खोली आन ह्यो वाफा माझ्या नावावर करा. तेवढं कागदावर असू द्या.”

रवी हसला. “वाफा? नंदे, वाफ्याचा कुठं कागद असतो का?”

“नसंल तर करा. मला तेवढंच पायजे.”

रवीनं माझ्याकडे बघितलं. नंदानंही बघितलं. मी थोरली, मी शिकलेली, मी नाशिकच्या कचेरीतली. आणि मी म्हणाले, “कागदावर कशाला, नंदे? भाऊ आहे तुझा. तो काय हाकलून देणार आहे?”

हे कुणी म्हटलं? जिनं तीस वर्षं टेबलाच्या या बाजूला बसून समोरच्या माणसांना ‘कागद कुठाय?’ एवढंच विचारलं तिनं. सुरगाण्याकडून तीन गाड्या बदलून आलेल्या म्हाताऱ्यांना मी एका झेरॉक्ससाठी परत पाठवलं आहे. “तोंडी सांगून चालत नाही, बाबा,” हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की घरी दूधवाल्यालासुद्धा मी ते एकदा ऐकवलं. परक्या माणसाच्या बाबतीत मला कागदाशिवाय काही दिसत नव्हतं. सख्ख्या बहिणीनं कागद मागितला तेव्हा मात्र मला तो अपमान वाटला. रवीचा नव्हे, घराचा. आपण काय कोर्टकचेरीवाली माणसं आहोत का, असं मला मनातून वाटलं, आणि असं वाटण्यात मला माझा मोठेपणाही वाटला.

मोठेपणा कसला, सोय होती ती माझी. मला काही कमी नव्हतं. नवऱ्याची नोकरी, माझी नोकरी, डोक्यावर स्वतःचं छप्पर. माझा वाटा सोडणं मला परवडत होतं. त्या बदल्यात मला हवं होतं ते माहेर, तेही हसतं-खेळतं. द्राक्षाच्या दिवसांत दारात येणारी पेटी, भाऊबीजेला न्यायला येणारी गाडी, भावजयीनं वाफाळती भाकरी ताटात टाकत म्हटलेलं “घ्या ना आक्का, अजून एक.” नंदानं कागदाचा हट्ट धरला असता तर या सगळ्यावर विरजण पडलं असतं. म्हणून मी उदार झाले, आणि ते औदार्य नंदाच्या पदरातून केलं.

“तू म्हणतीस तर बरं,” नंदा म्हणाली. पुढची पाकळी उचलली आणि लावली. विषय संपला. रवीनं कठड्यावरून उडी मारली आणि जाताना मला म्हणाला, “आक्का, तू व्हतीस म्हणून बरं झालं.”

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी आम्ही चांदवडला गेलो. नोंदणीच्या कचेरीत आमच्यासारख्या बहिणींचीच गर्दी होती. सगळ्या नटलेल्या. एक तर लहान बाळ मांडीवर घेऊन आली होती आणि तिच्या अंगठ्याला मशीन दाद देत नव्हतं, म्हणून तिचा भाऊ तिचा अंगठा आपल्या रुमालानं पुन्हा पुन्हा पुसत होता. आमचा नंबर आला. पाच-सहा पानांचा कागद होता. नंदानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं सही केली, मी सही केली, फोटो काढले, अंगठे दिले. कागदात काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. दुसऱ्यांच्या कागदातली स्वल्पविरामाची चूकसुद्धा दाखवणारी मी, माझ्या बापाच्या जमिनीचा कागद न वाचता सही करून मोकळी झाले. रवीनं दोघींना एकाच कापडातल्या दोन रंगांच्या साड्या घेतल्या होत्या. नंदाला मोरपंखी, मला किरमिजी. माझी अजून कपाटात आहे, मी ती दोनदा नेसले असेन.

रवीनं शब्द पाळला नाही असं म्हणता येणार नाही. वर्षभर पाळला. नंदा सासरचं बोचकं उचलून गोठ्याकडच्या खोलीत राहायला आली. तिनं खोली सारवली, पत्र्याखाली प्लास्टिक ताणलं, आणि त्या वाफ्यावर आईसारखाच जीव टाकला. चंपाषष्ठीला तिचा फोन आला, “आक्का, पात एवढी झालीय की शेजारच्या चार घरांत दिली.” फाल्गुनात लसूण काढला तेव्हा त्याच्या वेण्या घालून तिनं एक वेणी माझ्याकडे पाठवली. मी ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माहेरची आहे. मनात म्हणायची, बघा, कागदाशिवाय काही अडलं का?

पुढचा आश्विन आला. मी कचेरीत होते, समोर रांग होती. नंदाचा फोन आला. मागे कसला तरी मोठा घरघराट होता, त्यामुळे ती ओरडून बोलत होती.

“आक्का, वाफ्यात जेसीबी आलाय. लसूण उगवलाय गं माझा, दोन दोन बोटं वर आलाय. रवीला सांग ना तू. तुझं ऐकंल त्यो.”

मी रवीला फोन लावला. तो शांत होता. म्हणाला, “कांदाचाळ बांधतोय, आक्का. माल साठवायला जागा नको का? घराजवळ दुसरीकडं कुठं हाय सपाट जागा? तिला वावरात लावू दे की लसूण, किती लावायचा तेवढा.”

“आणि तिची खोली?”

“ती बी त्यातच जाती ना. करू काहीतरी तिचं. तू टेन्शन घेऊ नको.”

मी काय म्हणाले? मी “बरं” म्हणाले. “बरं, पण तिला जरा नीट समजावून सांग.” मग नंदाला फोन केला आणि मीच नीट समजावून सांगितलं. “अगं, जागा आता त्याची आहे. सही झाली ना आपली. आपण काही बोलू शकत नाही.” मशीनचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं फोन ठेवला आणि मी समोरच्या माणसाला म्हटलं, “हं, बोला, काय आहे तुमचं?”

महिन्याभरात नंदा पिंपळगावला गेली. कांद्या-द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये माल निवडायचं काम धरलं, मागच्या वस्तीत खोली घेतली. गावी पुन्हा गेली नाही, आणि रवीनंही तिला बोलावलं नाही, सण असो की कार्य. मला मात्र दरवर्षी बोलावणं येत राहिलं आणि मी जात राहिले. ती चाळ मी पाहिली आहे. लांबलचक, हवेशीर, चांगली बांधली आहे. तिच्या सावलीत खुर्ची टाकून मी चहासुद्धा प्यायले आहे.

त्या वर्षापासून मी घरामागे लसूण लावायला लागले. प्रायश्चित्त म्हणायला हरकत नाही, पण कसलं प्रायश्चित्त? त्याची पात आम्ही आमटीत घालून खाल्ली, गड्ड्यांची चटणी केली. नंदाला एक वेणी पाठवावी असं दर फाल्गुनात मनात यायचं. पाठवली एकदाही नाही. कुठल्या तोंडानं पाठवणार?

तर या वर्षी रवीचा फोन ठेवला, हात पुसले, चष्मा लावला आणि मोबाईलवर आलेला कागद वाचला. या वेळी सगळा वाचला. निवृत्त झाल्यावर मला वाचायला वेळच वेळ आहे. ‘गावठाणातील घर व त्यामागील मोकळी जागा’ असं लिहिलं होतं, आणि पुढे मालक म्हणून आईचं नाव. मी दोनदा वाचलं. मग उठून कपाटातून आठ वर्षांपूर्वीच्या कागदाची प्रत काढली. त्यात वावराचे तीन गट होते. घर नव्हतं. घरामागची जागा नव्हती. आम्ही सोडली ती बापाची शेती. परस आईच्या नावावर होतं, आणि तिच्यामागे ते आम्हा तिघांचं होतं, तेव्हाही आणि आजही.

जेसीबी आला त्या दिवशी तो वाफा नंदाचाही होता. एक अर्ज पुरला असता. अर्ज कसा लिहायचा, कुणाला द्यायचा, कुठला शिक्का घ्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. प्रत आमच्याच कपाटात होती, किरमिजी साडीच्या खाली. आणि मी तिला फोनवर सांगितलं होतं, आपण काही बोलू शकत नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. “मग आता नाही म्हण,” एवढंच म्हणाले. त्यांना सगळं एवढं सोपं कसं दिसतं देव जाणे. मी चार दिवस नुसती घरात फिरले. रवीला काय सांगू, भावजय काय म्हणेल, लग्नाच्या तोंडावर वाईट दिसेल का. सुपातल्या पाकळ्या तशाच पडल्या. पाचव्या दिवशी मात्र माझा मलाच राग आला आणि मी सकाळची बस धरून पिंपळगावला गेले. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. नंदे, माझं चुकलं. नंदे, ती जागा तुझी आहे. या वेळी कुणीच सही करायची नाही. मला अगदी धीट झाल्यासारखं वाटत होतं, साठी उलटल्यावर.

हायवेवरून आत वळलं की कांद्याचं टरफल वाऱ्यावर उडत असतं. गटारात, तारेच्या कुंपणात, माणसांच्या केसांत. नंदाची खोली पत्र्याची, पण आरशासारखी लख्ख. ती नुकतीच कामाच्या पाळीवरून आली होती, पदराला टरफलं चिकटलेली होती. मला दारात बघून तिनं पदर झटकला.

“या, आक्का. बसा. पाणी घ्या.”

या. बसा. लहानपणी एका गोधडीत झोपलेली बहीण मला अहो-जाहो करत होती. फोनवर ती अलीकडे जेमतेम बोलायची, त्यात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बसले. खोलीबाहेर हातभर जागा होती, पण तिथं साधी डब्यात लावलेली तुळसही नव्हती. मी विचारलं, “काही लावत नाहीस?” ती म्हणाली, “आता नाय लावत.”

मग मी सगळं बोलले. कागद दाखवला, जुनी प्रतही दाखवली. “नंदे, माझं चुकलं,” हेही म्हटलं, आणि म्हणताना रडले. “तो वाफा तुझाच होता गं. अजून आहे. तू सही करू नकोस. मीही करणार नाही. बघू काय करतो तो.”

ती स्टोव्हपाशी उभी राहून चहा गाळत होती. कप माझ्यासमोर ठेवला, पदरानं हात पुसले.

“मी केली सही,” म्हणाली. “परवाच. माझा कागद येगळा केला त्यानं.”

मी उचललेला कप परत खाली ठेवला.

“स्वतः आला व्हता गाडी घेऊन. सात वर्षांत पहिल्यांदा हितं आला. पोरीला बी आणलं व्हतं. आत्या, तू हळदीला पायजेच म्हणाली मला. गळ्यात पडली.”

“अगं पण जागा तुझी आहे, नंदे. कायद्यानं तुझी आहे.”

“मला ठावं हाय. घरपट्टीची पावती आईच्या नावानं यायची. मीच आणायचे ग्रामपंचायतीतून.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस? जेसीबी आला तेव्हा?”

तिनं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मी सुटले असते.

“तुम्ही म्हणला, आपण काय बोलू शकत नाय. तुम्ही कचेरीतल्या. मला वाटलं, आपल्याला काय कळतं? पावती असंल, पण कायदा येगळा असंल.”

चहा निवत होता. बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि त्याची ती घंटी वाजत होती. नंदा माझ्याजवळ येऊन बसली. पहिल्यांदाच माझा हात हातात घेतला. तिच्या बोटांची कातडी कांद्यानं फाटली होती.

“आता तुमची एकटीची सही राहिलीय. करून टाका, आक्का. तुम्ही अडून बसला तर त्यो म्हणंल, दोघींनी मिळून केलं. मग मला बोलवायचा नाय.”

“आणि वाफा?”

“तिथं चाळ हाय आता. मला हळदीला जायचंय.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि मला कुणाचा राग करावा कळत नव्हतं. रवीचा केला असता, पण त्यानं फक्त मागितलं. देणारी मी होते. माहेर हवं असेल तर मागायचं नाही, सोडायचं, हे माझ्या बहिणीला मी शिकवलं, हौदाशेजारी, लसूण लावता लावता. ती आठ वर्षं त्यावर विचार करत राहिली आणि अखेर तिला ते पटलं. मी तिच्याकडे चार दिवस आधी गेले असते तर? कदाचित तरीही तिनं हेच केलं असतं. पण चार दिवस आधी गेले नाही, हे माझ्या नावावर राहील.

सोमवारी मी चांदवडला गेले. कागद शब्दन्‌शब्द वाचला. रवी बाजूला उभा राहून हसत होता. “आक्का, रिटायर झाली तरी खोड काय जात नाय तुझी.” टेबलामागच्या तरुण साहेबानं विचारलं, “राजीखुशीनं करताय ना, मावशी?” मी हो म्हणाले. अंगठा दिला. मशीननं तो एका दमात घेतला. रवी पाया पडला, गाडीतून बस स्टँडपर्यंत सोडलं, आणि पोरीच्या लग्नाला आठ दिवस आधी यायचं बजावून गेला.

घरी आले. पाकळ्या सुपात वाळून चालल्या होत्या, त्या लावून टाकल्या. मग नंदाला फोन केला. सही झाली, एवढंच सांगितलं. पलीकडे तिनं मोठा श्वास सोडला. तिचा आवाज एकदम मोकळा झाला, नवीनच. कुठली साडी नेसू, पोरीला काय घेऊ, हळदीला आदल्या दिवशीच जाऊ का, असं ती किती वेळ बोलत राहिली. मी हूं हूं करत होते. आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,

“बरं झालं, आक्का. आता मला बी माहेर हाय.”